‘आदिम’ म्हणजे नीतिहीन?

मराठी समीक्षेत ‘आदिम’ या विशेषणावर केवढा भार टाकला जातो, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. वासना अनावर झाली की ती आदिम. हिंसा उफाळली की तीही आदिम. मात्र कथेतील एखादे पात्र आपली अर्धी भाकरी उपाशी माणसाला देते, तेव्हा त्या कृतीला आदिम म्हणावे असे कोणाला सुचत नाही. ते ‘संस्कार’ ठरतात. उत्तरपत्रिकांपासून शोधनिबंधांपर्यंत ही वाटणी आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. माणूस मुळात पशू होता आणि ऋषीने, राजाने किंवा ग्रंथाने त्याला नीती दिली, हे तिच्यामागचे गृहीतक. ते आम्हाला मान्य नाही.

या गृहीतकासाठी महाभारताच्या आदिपर्वातील श्वेतकेतूची कथा हमखास पुढे केली जाते. एक ब्राह्मण श्वेतकेतूच्या आईचा हात धरून तिला घेऊन जातो. श्वेतकेतू संतापतो आणि स्त्रीपुरुषांच्या संबंधांना मर्यादा घालून देतो. येथे नीती जन्माला आली, असे सांगून विवेचन आटोपले जाते. पण मधला भाग कोठे गेला? पिता उद्दालक मुलाला शांत करताना त्या चालत आलेल्या रीतीला सनातन धर्म म्हणतो. म्हणजे कथेच्या आतच श्वेतकेतूपूर्वी अनागोंदी नाही, निराळा धर्म आहे. शिवाय ही कथा पंडू कुंतीला ऐकवतो, तो नियोगासाठी तिचे मन वळवावे म्हणून. मर्यादा घालणारी कथा मर्यादा सैल करण्यासाठी सांगितली जाते, हे साहित्याच्या अभ्यासकाने तरी विसरू नये. राजवाड्यांनी ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ लिहिताना रूढी बदलत जातात हे निर्भयपणे मांडले. रूढी निराळी होती म्हणजे नीतीच नव्हती, हा निष्कर्ष त्यातून काढणे हा आळस आहे.

कथा म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. मग पुराव्याकडे वळू. कलहारीतील जुहोआन्सी लोकांमध्ये रिचर्ड ली यांनी १९६० च्या दशकात अभ्यास केला. तेथे शिकारीच्या मांसवाटपाचा मान तिला मारणाऱ्याकडे नव्हे, तर ज्याचा बाण लागला त्याच्याकडे जाई. आणि बाण तर एकमेकांना दिले-घेतले जात. मोठी शिकार आणणाऱ्याचे कौतुक होत नसे. उलट हाडांचा सापळा आणलास, अशी थट्टा होई. ली यांनी नाताळच्या मेजवानीसाठी विकत घेतलेल्या धष्टपुष्ट बैलाचीही अशीच हेटाळणी झाली. यशाने माणूस चढून जातो आणि चढलेला माणूस उद्या कोणाच्या तरी जिवावर उठतो, म्हणून त्याला वेळीच जमिनीवर आणायचे, हा त्यामागचा विचार. राजा नाही, न्यायाधीश नाही, लिखित नियम नाही. तरी वाटप आहे, लाज आहे, अहंकारावर अंकुश आहे. ‘हायरार्की इन द फॉरेस्ट’ (१९९९) या ग्रंथात ख्रिस्तोफर बोहम यांनी अशा अनेक समाजांचा आढावा घेऊन दाखवले की, डोईजड होऊ पाहणाऱ्याला गट मिळून आवरतो. नीतीचे एक मूळ तेथे शोधता येते.

आक्षेप दोन येतात आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, विसाव्या शतकातील जुहोआन्सी हे काही प्राचीन काळाचे अवशेष नव्हेत. खरेच आहे, त्यांनाही इतिहास आहे. त्यांच्यावरून आपले पूर्वज हुबेहूब कसे होते ते कळत नाही. परंतु ग्रंथ आणि सत्ता यांच्यावाचून नीती संभवते, एवढे निःसंशय कळते. आणि आमचा वाद तेवढ्यापुरताच आहे. दुसरा आक्षेप हिंसेचा. केनियातील नातारुक येथे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या किमान २७ जणांचे अवशेष मिळाले. त्यांतील अनेकांच्या हाडांवर हिंसक मृत्यूच्या खुणा असल्याचे संशोधकांनी २०१६ मध्ये मांडले. तेव्हा आदिम समाज म्हणजे नंदनवन, असा उलटा भाबडेपणा आम्ही करत नाही. पण इराकमधील शानिदार गुहेत सापडलेला निअँडरथल पुरुषही ध्यानात घ्यावा. त्याचा उजवा हात निकामी होता, डाव्या डोळ्याजवळ जबर आघात झालेला होता. तरी त्या जखमा भरल्यावर तो अनेक वर्षे जगला. एकट्याच्या बळावर जगला असेल? क्रौर्य आणि काळजी दोन्ही प्राचीन आहेत. मग ‘आदिम’ हे विशेषण एकट्या क्रौर्याच्याच वाट्याला का?

हा केवळ शब्दांचा खेळ असता, तर आम्ही एवढे ताणले नसते. नीती वरून खाली येते असे मानले की, पायरीवर ज्याला खाली बसवले तो आपोआप नीतीबाहेर ठरतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजी राज्याने संबंध जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. ते कायद्याचे जोखड निघायला १९५२ साल उजाडले. १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आले, तेव्हाही तो शिक्का पुसला गेलेला नव्हता. नीती शिकवण्याचा दावा करणाऱ्यांनीच हा अन्याय लिखित नियमांनी, शिस्तीत केला. त्याला मात्र कोणी आदिम म्हटले नाही.

म्हणून वर्गात आणि लेखनात आमचा आग्रह साधा आहे. ‘आदिम’ हा शब्द आला की विचारावे: कोणता समाज, कोणता काळ, कोणता पुरावा? उत्तर नसेल तर वासनेला वासना म्हणावे आणि हिंसेला हिंसा. ज्यांच्याविषयी आपल्याला फारसे ठाऊक नाही, त्या माणसांच्या खात्यावर आपले दोष जमा करण्याची सवय समीक्षेने तरी सोडावी.