सोडावयाचे ते एकट्याने की गावाने?

कळवण तालुक्यात व्यसनमुक्तीचा विषय निघाला की बोट प्रथम मोहाच्या दारूकडे आणि ती पिणाऱ्या आदिवासीकडे वळते. बोट दाखविणारा बहुधा शिक्षक किंवा कारकून असतो आणि त्याच्या दुसऱ्या हातात चहाचा चौथा कप असतो. दारू संसार धुळीस मिळविते, चहा मिळवीत नाही. तेव्हा दोहोंना एकाच मापाने मोजणे चूक, हे मान्य. पण चहा नुसती आवड आहे म्हणावे, तर तो एक दिवस चुकताच डोके का ठणकते? कॅफीन थकव्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही. रोजचे कॅफीन एकाएकी थांबले की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते आणि कधी आठवडाभर रेंगाळते. शिवाय साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ती शक्य तर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सुचविले. कपाला दोन चमचे धरले, तर ही मर्यादा चार कपांतच ओलांडली जाते. तंबाखूविषयी न बोललेलेच बरे. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली, पण मळलेली तंबाखू शिक्षकांच्या खोलीतून हललेली नाही.

ज्यांना आपण उपदेश करतो, त्यांचा या बाबतीतला इतिहास आपल्याहून उजळ आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली देवीची चळवळ घाट चढून नाशिक जिल्ह्यात आली आणि डांगमार्गे सुरतेपर्यंत पोहोचली. देवी अंगात आलेली माणसे सांगत: दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा. ९ नोव्हेंबर १९२२ रोजी बडोदे संस्थानातील खानपूर येथे सहा गावांचे सुमारे दोन हजार आदिवासी तिचे ऐकावयास जमले होते. यास भाबडेपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची दारू गुन्हा ठरली होती आणि मक्तेदाराच्या दुकानाची पायरी चढणे भाग झाले होते. जमीन आणि मजुरी त्याच दुकानात जिरत असे. गावे एकदम थांबली, तेव्हा मक्तेदार हादरले.

पुढे पुष्कळजण पुन्हा पिऊ लागले, हे खरे. दक्षिण गुजरातेत तर सोडलेले ते ‘वरजेला’ आणि न सोडलेले ते ‘सरजेला’ अशी फळीच पडली. तरीही जे टिकले, ते सोबतीने टिकले. घराघरातून एकेकट्याने घेतलेल्या शपथांचे आयुष्य आपण सारेच जाणतो.

आपल्या कचेऱ्यांत आणि आश्रमशाळांत मात्र नेमके उलट घडते. एखाद्याने चहा नाकारला तर त्याची थट्टा होते, पाहुण्याला चहा न विचारणे हा अपमान ठरतो. तेव्हा सुरुवात बैठकीपासून व्हावी. चहा आणावयाचाच तर बिनसाखरेचा आणावा, ज्याला हवी त्याने वेगळी मागून घ्यावी. शिक्षकांच्या खोलीत तंबाखू मळण्यास सर्वांनी मिळून मनाई करावी. आणि कॅफीन सोडणाऱ्याने ते एका दिवसात टाकू नये; दोन-तीन आठवडे रोजचा वाटा थोडाथोडा घटवीत न्यावा, म्हणजे डोकेदुखीच्या धाकाने चौथ्या दिवशी पुन्हा टपरीवर जावे लागणार नाही.