नायकाचा जन्मदाखला

जानेवारी २०२० मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी परभणी जिल्ह्यातील पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान असल्याचा उल्लेख करून तेथील विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली आणि १९ जानेवारीला शिर्डीत बंद पाळण्यात आला. या वादाचा ऐतिहासिक निवाडा करणे हे साहित्यसमीक्षेचे काम नव्हे. मात्र त्यात दडलेला कथनविषयक पेच समीक्षेने दुर्लक्षावा असा नाही. हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त बाबांचे जन्मस्थान आणि मातापिता अज्ञात म्हणूनच येतात. ही रिक्त जागा भरावी अशी ओढ एका बाजूला, ती रिक्तच राहावी असा आग्रह दुसऱ्या बाजूला! श्रद्धेचा प्रश्न श्रद्धेच्या प्रांतात ठेवूनही एवढे म्हणता येते, की चरितनायकाच्या आरंभाविषयीचे मौन हा कथनाचा दोष नसून त्याच्या घाटाचा भाग असू शकतो.

सुपरहीरोंच्या चित्रकथांतील पूर्वकथांचे मूल्यमापन करताना नेमके हेच विसरले जाते. पूर्वकथेने किती ‘उलगडा’ केला, मूळ मालिकेशी तिचे तपशील कितपत जुळतात, याची मोजदाद होते. शेवटी ‘कथा सामान्य, चित्रे उत्तम’ असा शेरा मारून विषय संपतो. दुसरा एक वर्ग या सगळ्याला धंदा म्हणून नाक मुरडतो. धंदा तर तो आहेच. परंतु धंद्यासाठी निर्माण झालेली प्रत्येक कृती सारख्याच प्रतीची असते, हे त्यामुळे सिद्ध होत नाही. दोन्ही पक्षांची चूक एकच आहे: चित्रकथेत चित्र हेच कथन असते, हे दोघेही मानत नाहीत.

एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. बॅटमन मे १९३९ मध्ये अवतरला, तो पूर्वेतिहासाशिवाय. त्याची जन्मकथा नोव्हेंबर १९३९ मध्ये अवघ्या दोन पानांत आली. तीत उघड्या खिडकीतून एक वटवाघूळ आत येते आणि नायकाला त्याचे रूप सुचते. १९८७ च्या ‘बॅटमन: इयर वन’मध्ये फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी हाच प्रसंग पुन्हा घेतला. येथे नायक जखमी होऊन रक्ताळलेल्या अवस्थेत खुर्चीत बसला आहे आणि वटवाघूळ काच फोडून आत येते. उलगडा मोजणाऱ्याला येथे नवे काहीच सापडणार नाही. माहिती तीच आहे. पण पहिल्या प्रसंगातली सोयीची कल्पना दुसऱ्या प्रसंगात आघात होते. हा बदल केवळ संहितेतला म्हणता येत नाही. तो रेषेत, काळ्या छायांत आणि चौकटींच्या क्रमात घडतो. मग ‘कथा’ आणि ‘चित्रे’ यांना वेगवेगळे गुण कोणत्या आधारावर द्यायचे?

वुल्व्हरीनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९७४ मध्ये आलेल्या या पात्राचे बळ पुढे त्याच्या हरवलेल्या भूतकाळात साठत गेले. २००१-०२ च्या सहा अंकी ‘ओरिजिन’ने तो भूतकाळ भरून काढला. नायकाचे गूढ संपले, ही तक्रार रास्त आहे. पण अपुरीही आहे. अँडी क्युबर्टने बागेच्या रखवालदाराला, थॉमस लोगनला, प्रौढ वुल्व्हरीनचाच चेहरा दिला आहे. पितृत्वाविषयी शब्द जे सांगायचे टाळतात ते चेहरा सुचवतो. म्हणजे शब्दांतले कथन रिक्त जागा बुजवत असताना चित्र नवी रिक्त जागा निर्माण करते. उलगडे मोजणाऱ्या समीक्षेच्या हाती हे कधीच लागणार नाही.

या विवेकासाठी परकी परिभाषा उसनी आणण्याची गरज नाही. कोणता वृत्तान्त रंगभूमीवर दाखवावा आणि कोणता केवळ सूचित करावा, याचा विचार धनंजयाच्या ‘दशरूपका’त आहे: नीरस आणि अनुचित ते सूच्य, रसभावांनी भरलेले ते दृश्य. विष्कंभकाची योजना त्यासाठीच असते. आणि चित्रांतून सांगितलेली पूर्वकथा तर भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्याच अंकात ठेवली आहे. राम, सीता आणि लक्ष्मण आपलेच गतचरित्र चित्रांत पाहतात. प्रेक्षकाला ठाऊक नसलेले त्यात फारसे काही नाही. पण ती चित्रे पाहून रामाचे जुने विरहदुःख जागे होते, सीतेला पुन्हा वनात जाण्याची इच्छा होते आणि तीच इच्छा तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. भूतकाळाचे चित्र वर्तमानावर असे कार्य करते, म्हणूनच त्याला तेथे जागा आहे.

पूर्वकथेची कसोटी हीच असावयास हवी. ‘वॉचमेन’ (१९८६-८७) या कसोटीवर आधीच उतरलेली कृती आहे: तिच्या पात्रांचा भूतकाळ तिच्याच पोटात, वर्तमानाला छेदत येतो, चौथ्या प्रकरणात तर डॉ. मॅनहॅटनला सर्व काळ एकाच वेळी दिसतात. अशा कृतीला २०१२ मध्ये ‘बिफोर वॉचमेन’ जोडणे म्हणजे जे घाटात सामावले होते ते सुटे करून मांडणे. ॲलन मूर यांचा त्याला विरोध होता. पण लेखकाचा विरोध हा समीक्षेचा पुरावा होऊ शकत नाही. पुरावा मूळ कृतीच्या रचनेतच आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार नवखाही नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून आलेला वेताळ हा त्याच्या वंशातला एकविसावा. कवटीगुहेतील बखरींतून पूर्वजांच्या कथा निघत आणि ‘चालता-बोलता पिशाच्च’ अमर आहे हा समज त्या कथांमुळे अधिकच गडद होई. ज्या वाचकाने बालपणी एवढे जाणले, त्याच्यासमोर प्रौढपणी केवळ तपशिलांचा ताळेबंद मांडणे हा समीक्षेचा आळस आहे. जन्मदाखला कचेरीला हवा असतो. कलाकृतीला तो हवा की नको, हे प्रत्येक वेळी त्या कृतीच्या पानांवरूनच ठरवावे लागते.