रोगप्रतिकारक बियाणे : किती वर्षांचे?

वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर आलेल्या रोगाविषयी विचारा, तो घडाघडा उत्तर देईल. त्यालाच हरभऱ्यावरील करप्याविषयी विचारा. बहुधा गप्प बसेल. होळीला पुरणपोळी आणि एरवी फुटाणे खाणारी आपण माणसे, पण ज्या बुरशीने पंजाबात हे पीक वारंवार बुडवले तिचे नाव आपल्या वहीत नसते. याला कारणही आहे. या करप्याला थंड, पावसाळी हवा आणि पानांवर तासन्‌तास टिकणारी ओल लागते. आपल्या बेळगाव-धारवाडकडचा रब्बी हरभरा काळ्या जमिनीतल्या उरल्या ओलीवर, कोरड्या हवेत वाढतो. आपला शत्रू निराळा आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

करप्याच्या बुरशीला शास्त्रात अस्कोकायटा रॅबिई म्हणतात. पाने, खोड आणि घाटे यांवर तपकिरी डाग पडतात आणि डागात बारीक काळे ठिपके वर्तुळावर्तुळाने उमटतात. दिसायला ते नक्षीसारखे असतात, पण त्या प्रत्येक ठिपक्यात असंख्य बीजाणू भरलेले असतात व पावसाच्या थेंबासरशी ते शेजारच्या रोपावर उडतात. खोडाला डागाने वेढले की झाड तेथेच मोडते. रोग बियांतून आणि गेल्या हंगामाच्या काडातून पुढच्या वर्षात जातो. त्या काडावर या बुरशीच्या दोन भिन्न प्रकारांचा संयोग होऊन नवी संतती निर्माण होऊ शकते, आणि तिचे बीजाणू वाऱ्याने दूरवर जातात. खरी गोम इथे आहे. आपण वाण बदलतो, तशी बुरशीही बदलते.

पंजाबचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आज पाकिस्तानात असलेल्या अटक भागात १९११ साली हा रोग आढळला. पुढे बाहेरून आणलेल्या एफ-८ या वाणाच्या आधाराने सी-१२/३४ हे प्रतिकारक वाण तयार झाले. काही वर्षांत त्याची शक्ती ओसरली. मग सी-२३५ आले. तेही पुढे बळी पडले आणि १९८१-८२ च्या सुमारास वायव्य भारतात करप्याने पुन्हा थैमान घातले. ऑस्ट्रेलियातही तेच घडले. तेथे १९९८ साली मोठी साथ आली. त्यानंतर, तेव्हा सीरियातील अलेप्पोजवळ असलेल्या इकार्डा संस्थेच्या वाणापासून मिळालेले जेनेसिस-०९० हे प्रतिकारक म्हणून शेतात गेले. पुढे त्याचाही दर्जा खाली आणावा लागला.

या सगळ्यात शास्त्रज्ञांचे अपयश शोधणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. त्या वाणांनी जितकी वर्षे पीक वाचवले तितकी वर्षे ते खरेच होते. माझी तक्रार आहे ती ‘रोगप्रतिकारक’ या शब्दाविषयी. पिशवीवर तो असा छापतात की जणू तो बियाण्याचा जन्मजात आणि अक्षय गुण आहे! औषधाच्या बाटलीवर मुदत असते. इथे मुदत नाही, प्रांत नाही, कोणत्या प्रकारच्या बुरशीसमोर परीक्षा झाली तेही नाही. ऑस्ट्रेलियात वाणांचे रोगाविषयीचे दर्जे वेळोवेळी तपासून प्रसिद्ध करतात, आणि वाण घसरले तर तसे सांगतात. आपल्या कृषी विद्यापीठांनीही पेरणीपूर्वी असा एक तक्ता दरवर्षी कन्नड आणि मराठीत गावोगाव लावावा. यावर कुणी म्हणेल, की शेतकऱ्याचा बियाण्यावरचा विश्वास उडेल. मला तसे वाटत नाही. मध्येच पीक गेले आणि कुणी काही सांगितलेच नव्हते, तर विश्वास जास्त उडतो. हरभऱ्यात तर माणूस घरचेच बी वर्षानुवर्षे धरतो. त्याला पिशवीवरचा शब्दही पुन्हा वाचायला मिळत नाही.

आता आपल्याकडचे. इथला खरा शत्रू मर. तिची बुरशी जमिनीत राहते, आणि हरभरा पेरला नाही तरी कित्येक वर्षे जगते. वाळलेल्या रोपाचे खोड उभे चिरले की आत काळपट रेघ दिसते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये डॉ. नेने यांच्या सहकाऱ्यांसह झालेल्या कामातून १९८२ साली या बुरशीचे भारतातले चार प्रकार पुढे आले. आपल्या परिचयाच्या अण्णिगेरी-१ मध्ये डब्ल्यूआर-३१५ या वाणाचा मरप्रतिकारक गुण आणून सुपर अण्णिगेरी-१ तयार झाले. ते २०१९ साली जाहीर झाले. काम उत्तम आहे. पण सर्व शिवारात तेच एक वाण दिसू लागले, तर पंजाबचा धडा इथे गिरवायला वेळ लागणार नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना एक गोष्ट सहज करता येईल. मर दिसलेल्या रानात थोड्या जागेत तीन ओळी टाकायच्या : मरीला चटकन बळी पडणारे जेजी-६२, जुने अण्णिगेरी-१ आणि नवे सुपर अण्णिगेरी-१. दर आठवड्याला वाळलेली रोपे मोजायची आणि पुढच्या वर्षीही तसेच करायचे. कन्नड विभागातल्या मित्रांनी नोंदी कन्नडात ठेवाव्यात, आम्ही मराठीत ठेवू. आकडे दोन्हीकडे तेच निघतील.