पार्किंगचे पैसे थकले, तर देणेकरी कोण?

आमच्या ब्राह्मणपुरीत गाडी उभी करायला कुणी पैसे मागत नाही. दारापुढे लावली, काम झाले. पण दवाखान्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी किंवा रेल्वे पकडायला नंदुरबार, धुळे, सुरत गाठावे लागते आणि तिथे पार्किंगची पावती हातात पडते. राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी तर २०२५ मध्ये पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, अशी भूमिका मांडली. म्हणजे गाडीची जागा ही आता पैशाची बाब झाली आहे. पावती हरवली, गाडी चार दिवस स्टँडवर राहिली, ठेकेदाराने भलतीच रक्कम सांगितली, तर कायद्याने आपण किती देणे लागतो? हे आपल्या घरांत माहीत असायला हवे.

दंड आणि भाडे यांत फरक आहे

रस्त्यावर चुकीच्या जागी गाडी लावली तर मोटार वाहन कायद्याखाली चलान फाडण्याचा अधिकार पोलिसांना आणि सरकारी यंत्रणेला आहे. ते चलान गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या नावावर येते. खासगी पार्किंगवाल्याला हा अधिकार नाही. त्याचा आणि आपला संबंध कराराचा, १८७२ च्या भारतीय करार कायद्यातला. फलकावर दर लिहिलेला आहे, आपण तो पाहून गाडी आत घातली, तर तेवढे पैसे देणे आपल्यावर बंधनकारक आहे. ते बुडवणे हे कर्ज बुडवण्यासारखेच, यात दुमत नको.

पण ‘पावती हरवली, हजार रुपये भरा’ असे कुणी म्हटले तर? करार कायद्याचे कलम ७४ सांगते की करार मोडल्याबद्दल आधीच एखादी रक्कम ठरलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीही त्या रकमेच्या आत. दिवसभराचे भाडे मागणे समजण्यासारखे आहे. त्याच्या कितीतरी पट रक्कम मागितली, तर ती वाजवी कशी हे ठेकेदाराला पटवून द्यावे लागेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही नुकसानीशी मेळ न खाणारा जबर दंड हा ‘अनुचित करारा’चा भाग मानला आहे.

मालक की चालक?

भाचा मामाची गाडी घेऊन गेला आणि पैसे न देता निघून आला. देणे कुणाचे? करार ज्याने केला त्याचे, म्हणजे साधारणपणे चालकाचे. मालकाने स्वतःच्या कामाला पाठवले असेल, तर मात्र मालकावरही जबाबदारी येऊ शकते. ब्रिटनमध्ये आपले अनेक नातेवाईक आहेत, त्यांचा अनुभव वेगळा असतो. तिथे २०१२ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत चाकाला कुलूप लावणे बंद केले; पण चालक कोण ते कळले नाही, तर ठरावीक अटींवर गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून वसुलीची मुभा दिली. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोफत वेळेपेक्षा जास्त थांबलेल्या एका चालकाचा ८५ पौंडांचा आकार वैध ठरवला. आपल्याकडे खासगी पार्किंगसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. ठेकेदाराला थकबाकी हवी असेल, तर त्याने दिवाणी न्यायालयात जावे. त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते.

गाडी अडवता येते का?

करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर मेहनत किंवा कौशल्याचे काम करणारा, उदाहरणार्थ मेकॅनिक, पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेऊ शकतो. नुसती राखण त्यात सहसा बसत नाही. कलम १७१ चा हक्क बँकांसारख्या मोजक्यांनाच आहे. इतरांना त्यासाठी स्पष्ट करार लागतो. म्हणून पावतीच्या मागचा मजकूर वाचायची सवय लावावी.

गाडी सांभाळायला देणे ही अमानत आहे. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १ ऑगस्ट १९९८ ला एका पाहुण्याने मारुती झेनची चावी कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि गाडी चोरीला गेली. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे पावतीवर छापले होते. तरी सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ ला हॉटेललाच जबाबदार धरले. निष्काळजीपणा झाकायला छापील ओळ पुरत नाही. मात्र चावी आपल्याच खिशात असेल, तर हा मुद्दा वादाचा होतो, हेही ध्यानात ठेवावे.

मॉलमधल्या शुल्काबद्दल राज्याराज्यांत एकवाक्यता नाही. तेलंगणाने २०१८ मध्ये पहिला अर्धा तास मोफत केला. गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये मॉल-मल्टिप्लेक्सना शुल्क घेता येणार नाही असे म्हटले.

मग करायचे काय?

आत जातानाच दरफलकाचा फोटो काढावा. पावतीचाही काढावा, म्हणजे हरवली तरी वेळ सिद्ध होते. जागा नगरपालिकेची किंवा रेल्वेची असेल, तर ठेकेदाराला मंजूर दरापेक्षा जास्त घेता येत नाही. मंजूर दर दाखवायला सांगावे. आजारी माणूस किंवा लेकरे सोबत असतील, तर वाद न घालता पैसे भरावेत, पण पावतीवर ‘हरकतीसह भरले’ असे लिहून घ्यावे. कुणी अंगावर येऊन वाट अडवली, तर ११२ ला फोन करावा. नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

सर्वात कामाची गोष्ट आमच्या सीमेवरच्या लोकांसाठी. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो. सुरतेत जादा पैसे घेतले, तरी तक्रार नंदुरबारला करता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

पन्नास रुपयांसाठी कोण भांडणार, असे म्हणून आपण सोडून देतो. ठेकेदारही याच हिशेबावर चालतो. जे ठरले ते द्यावे, पै न् पै द्यावे. जे ठरले नव्हते, त्याची पावती मागावी.