लॅपटॉपचे लिंकिंग



लिंकिंग म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. डीएपीची गोणी हवी, तर नॅनो युरियाची बाटली घ्या. बाटली नको, तर गोणीही शिल्लक नाही. सरकार दर हंगामाला सांगते की हे बेकायदा आहे आणि दर हंगामाला ते चालूच असते.

आता हेच लिंकिंग कॉलेजच्या दारात येऊन उभे राहिले आहे. प्रवेश हवा? मग अमुक कंपनीचा, अमुक मॉडेलचा लॅपटॉप घ्या. काही खाजगी व्यवस्थापन संस्था तर लॅपटॉपची किंमत शुल्कातच धरतात. ही कल्पना आपल्याकडची नव्हे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाने १९८४ साली नव्या विद्यार्थ्यांच्या गळ्यात एकाच कंपनीचा मॅकिंटॉश संगणक बांधला होता. तिथल्या बापाचे उत्पन्न डॉलरमध्ये होते. आपले पावसावर आहे.

आमचा संगणकाला विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नवे बियाणे, नवे यंत्र हवे म्हणून भांडणारे आपणच. पोरांनी संगणक शिकावा, आपल्यापेक्षा चांगला शिकावा. विरोध आहे तो सक्तीला आणि एका दुकानाला. कापूस एकाधिकार योजनेत १९७२ पासून सुमारे तीस वर्षे आपण एकच गिऱ्हाईक सोसले. आता पोरांच्या शिक्षणात एकच दुकानदार का सोसायचा?

हिशोब मांडा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, संकरित ज्वारीचा ३,६९९. साठ हजारांचा लॅपटॉप म्हणजे जवळपास साडेसात क्विंटल कापूस, नाहीतर सोळा क्विंटल ज्वारी. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल कापूस धरला, तर दीड-दोन एकरांचे सगळे पीक त्या एका पेटीत गेले. यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी अजून वजा केलेली नाही. आणि हमीभाव हातात पडतो का, ते ओलावा जास्त म्हणून गाडी परत घेऊन आलेल्याला विचारा. त्या साठ हजारांत १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे नऊ हजारांवर कर. तोही आपणच भरायचा.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर केली. ओरड झाली, तेव्हा १ नोव्हेंबरपासून ती ऑनलाइन परवानगीच्या रूपात आली. त्याच सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकले, म्हणजे आपला कापूस बाजारात येण्याच्या ऐन वेळी! आपण विकतो त्या मालाला दरवाजे सताड उघडे आणि आपण विकत घेतो त्याच्या दारात शिपाई. त्यावर कॉलेजने एकाच कंपनीचे कुलूप घालायचे.

सगळ्यात जास्त मार बसतो तो मुलींना. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. चांगले झाले. पण सक्तीचा लॅपटॉप त्या माफीत बसत नाही. शुल्क माफ झाले म्हणून मंठ्याची, भोकरदनची मुलगी प्रवेशाला निघते आणि लॅपटॉपच्या बिलापाशी अडते. घरात एकाच यंत्राची ऐपत असेल, तर ते आधी भावाला मिळते, हे आपल्या घरांत आपल्याला ठाऊक आहे.

कॉलेजवाले म्हणतात, सगळ्यांकडे एकसारखे यंत्र असले की शिकवायला सोपे जाते. जात असेल. मग एकसारखी यंत्रे कॉलेजने प्रयोगशाळेत ठेवावीत. सोय मास्तरांची आणि बिल बापाच्या नावावर, हा कुठला न्याय? एमएस-सीआयटीचा कोर्स आपल्या हजारो पोरांनी तालुक्याच्या सेंटरवर जाऊन केला. तासभर मशीन मिळायचे आणि पोरे शिकायची. घरी अमुक कंपनीचा संगणक असल्याशिवाय नाव घेणार नाही, असे कोणी म्हटले नव्हते.

महागडे सॉफ्टवेअर चालवायला महागडे यंत्र लागते, हेही अर्धेच खरे. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प विकतच्या परदेशी सॉफ्टवेअरऐवजी सायलॅबसारखी मुक्त, फुकट सॉफ्टवेअर कॉलेजांत नेतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीतही आहेत. केरळच्या सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर चालतात. त्यांना जमते ते आपल्याला का जमू नये?

तेव्हा प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत या मागण्या मांडा:

१. कॉलेजने फक्त गरज सांगावी. कंपनी, मॉडेल आणि दुकान सांगू नये. जुने, वापरलेले यंत्रही चालले पाहिजे.

२. जे सक्तीचे, ते शुल्क. २०१५ च्या कायद्याने नेमलेल्या शुल्क नियामक प्राधिकरणापुढे त्याचा हिशोब मांडावा आणि मुलींच्या शुल्कमाफीत ते धरावे.

३. प्रयोगशाळा संध्याकाळी आणि रविवारीही उघडी ठेवावी. गावाकडच्या पोरांच्या एसटीची वेळ पाहून तिचे तास ठरवावेत.

४. स्वतःचा लॅपटॉप नाही म्हणून कोणाचा प्रवेश, परीक्षा किंवा गुण अडवू नयेत.

यात कोणी लॅपटॉप फुकट वाटा असे म्हटलेले नाही. निवडणुकीच्या तोंडावर वाटलेली खिरापत आपल्याला नको. कापसाला रास्त भाव मिळू द्या, पोराला लागेल ते यंत्र बाप स्वतः आणील. पण कोणते आणि कुठून, ते तोच ठरवील.

प्रवेशाच्या वेळी असा कागद पुढे आला, तर मुकाट्याने सही करू नका. ही अट कोणत्या नियमाने घातली, ते लेखी मागा. एकट्याने जाऊ नका, गावातले पाच-दहा पालक मिळून जा. खताच्या दुकानात आपण एकेकटे गेलो, म्हणून बाटली गळ्यात पडली.