गाठ मेंदूशी बोलते

मेंदूतली गाठ आपल्यापुरती वाढत राहते, ही समजूत आता सोडायला हवी. २०१९मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्जे आणि जर्मनीत हायडेलबर्गचे फ्रांक विंकलर यांच्या गटांनी दाखवून दिले, की ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीच्या पेशी निरोगी चेतापेशींशी थेट चेतासंधी (सिनॅप्स) जुळवतात. चेतापेशीने सोडलेले ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन त्या झेलतात आणि त्याच बळावर वाढतात, पसरतात. माणूस विचार करतो, बोलतो, आठवतो. त्यासाठी चाललेली मेंदूतली विद्युत हालचालच गाठीचे खाद्य होते. याहून क्रूर काय असेल? उलट दिशेने गाठही भोवतालच्या चेतापेशींना चेतवते. रुग्णांना येणाऱ्या फिटचे हे एक कारण.

या कामाला मेंदूविज्ञानातले २०२५चे ब्रेन प्राइझ मिळाले, ते योग्यच झाले. पण ग्लायोब्लास्टोमा या घातक ग्लायोमाचा रुग्ण निदानानंतर सरासरी वर्ष-दीड वर्षच जगतो, त्याच्या घरच्यांना पुरस्कारापेक्षा औषध हवे आहे. गाठ आणि चेतापेशी यांच्यातला हा संवाद तोडण्यासाठी पेरॅम्पॅनेल हे फिटवरचे औषध जर्मनीत आजमावले जात आहे. जुनेच औषध असल्याने त्याचे दुष्परिणाम डॉक्टरांना ठाऊक आहेत. आपल्याकडच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांनीही अशा चाचण्यांसाठी मेंदूविकारतज्ज्ञांना आत्ताच सोबत घ्यावे.