वहींतले सभासद

अमेरिकेंत दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाचीं कॉलेजें आहेत. त्यांची फी मोठ्या कॉलेजांपेक्षां पुष्कळ कमी. म्हणून दिवसा दुकानांत राबून रात्रीं पुस्तक उघडणारीं मुलें आणि लेंकरें सांभाळून शिकणाऱ्या बाया तेथें फार. अशांतील हुशारांसाठीं १९१८ सालीं मिसुरी राज्यांत ‘फाय थीटा काप्पा’ ही संस्था निघाली. ती नफा कमावण्यासाठीं नाहीं. तेथें कोणी कूळ विचारीत नाहीं, परीक्षेंतले गुण पाहतात. हें आम्हांस पसंत आहे.

परंतु अशा शाखांची रड ठरलेली: सभासद मिळत नाहींत, मिळाले तर टिकत नाहींत. मिळत नाहींत यांत नवल तें काय? कष्टकऱ्याच्या घरीं पत्र येतें, त्यावर तीन ग्रीक अक्षरें, आंत फीची मागणी. न कळणारा मंत्र आणि वर दक्षिणा! कोणी ठक पैसे उपटतो आहे असें त्या पोरास वाटलें तर दोष कोणाचा? त्याच्याच वर्गांतल्या सभासदानें शेजारीं बसून साध्या बोलींत सांगावें, कीं बाबा, ही फी एकदांच द्यावयाची, आणि पुढें चार वर्षांच्या कॉलेजांत जातांना ह्या सभासदांसाठीं कित्येक ठिकाणीं निराळ्या शिष्यवृत्त्या राखलेल्या असतात. तरीही ऐपत नसेल तर शाखेनें वर्गणी करून त्याची फी भरावी. गुण असून पैशापायीं दाराबाहेर राहिला, तर त्या संस्थेस गुणवंतांची कोण म्हणेल? आमच्यापैकीं ज्यांचीं मुलें तिकडे शिकतात, त्यांनींही असें पत्र आल्यास फेकूं नये. कॉलेजांत जाऊन खरें-खोटें करून घ्यावें.

टिकण्याचें दुखणें याहून खोल आहे. फी भरली, नांव वहींत चढलें, प्रमाणपत्र भिंतीवर लागलें. मग पुन्हां यावें कशाला? शिवाय दोन वर्षांत मुलगा निघून जातो. चिटणीस शहाणा होतो न होतो तोंच शाखेची सारी अक्कल त्याच्याबरोबर गांव सोडते.

आमचें म्हणणें असें कीं, नव्या सभासदाच्या हातीं पहिल्याच आठवड्यांत काम द्यावें: गणितांत अडलेल्यास शिकवणें, अर्धपोटी शिकणाऱ्यांसाठीं धान्य गोळा करणें. सभा लांबवूं नये. कामावरून सुटून आलेल्याची झोप चोरण्याचा अधिकार कोणत्याही अध्यक्षास नाहीं. जुन्या चिटणीसानें जाण्याआधीं चार महिने नव्यास हाताखालीं घ्यावें, सुतार पोराच्या हातीं रंधा देतो तसें, आणि हिशेबाची वही त्याच्या देखत उघडावी. दुसऱ्या सहामाहीस किती जण कामाला आले, तेवढेच सभासद अहवालांत मोजावे.